‘गिव्ह अप’ आणि आपलें ‘सोडणें’

इंग्रजी शिकणाऱ्या परकीयास त्या भाषेंतील लांबलचक लॅटिन वळणाचे शब्द फारसे छळीत नाहींत. ‘अबँडन’, ‘रिलिंक्विश’, ‘सरेंडर’ हे शब्द कोशांत पाहावे, अर्थ टिपून घ्यावा आणि पुढें चालावें, इतकें तें सोपें काम असतें. खरा छळ करतात तीं लहानसहान घरगुती क्रियापदें आणि त्यांच्या शेपटीला लोंबकळणारीं ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘इन’ हीं अव्ययें. ‘गिव्ह’ म्हणजे देणें आणि ‘अप’ म्हणजे वर, हें ज्याला ठाऊक आहे त्याला ह्या दोहोंच्या बेरजेनें ‘गिव्ह अप’ चा अर्थ कधींही सांपडावयाचा नाहीं. डॉक्टर जॉन्सननें इ. स. १७५५ मध्यें आपला कोश प्रसिद्ध केला, तेव्हां प्रस्तावनेंत ह्याच जातीच्या प्रयोगांकडे बोट दाखवून, परकीयांना सर्वांत मोठी अडचण येथें येते, असें त्यानें सांगून ठेविलें आहे. ह्या जातीला ‘फ्रेझल व्हर्ब’ हें नांव मिळालें तें मात्र फार उशिरां. लोगन पिअर्सल स्मिथनें १९२५ सालच्या आपल्या ‘वर्ड्‌स अँड ईडियम्स’ ह्या पुस्तकांत तें वापरलें, आणि ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली ह्यांनीं तें सुचविलें असें प्रांजळपणें नमूद केलें. बारसें होण्यापूर्वीं कित्येक शतकें हें मूल अंगणांत खेळत होतें, हें सांगावयास नको.

परीक्षेच्या दृष्टीनें पाहिलें तर ‘गिव्ह अप’ हें ह्या कळपांतील अगदीं गरीब जनावर. शाळेंतला मुलगाही ‘सोडून देणें’ असें उत्तर लिहितो आणि गुण मिळवितो. भाषांतर करणारांची लेखणीही तेथें अडखळत नाहीं. माझें म्हणणें असें कीं, ती तेथें अडखळत नाहीं म्हणूनच आपलीं पुष्कळ भाषांतरें फसतात. ‘गिव्ह अप’ चा अर्थ कळणें कठीण नाहीं. कठीण आहे तें हें कीं, इंग्रजी लेखकानें जो निवाडा करावयाचें टाळलेलें असतें, तो मराठी लेखकाला क्रियापद निवडतांक्षणींच करावा लागतो.

प्रथम ह्या क्रियापदाचा संसार केवढा आहे तो पाहूं. सेनापति किल्ला ‘गिव्ह अप’ करतो. आगगाडींत तरणा मनुष्य म्हाताऱ्यासाठीं आपली जागा ‘गिव्ह अप’ करतो. कोणी विडी, कोणी दारू, कोणी नोकरी ‘गिव्ह अप’ करतो. फरारी आरोपी पोलिसांपुढें स्वतःला ‘गिव्ह अप’ करतो, आणि एखादी बाई रुग्णांच्या सेवेला आपलें आयुष्य ‘गिव्ह अप’ करते. कोडें न सुटल्यामुळें मूल ‘आय गिव्ह अप’ म्हणतें. आपल्याकडचें मूल अशा वेळीं नुसतें ‘हरलों’ म्हणतें. डॉक्टर रोग्याला ‘गिव्ह अप’ करतात, आणि मग रोगी प्राण ‘गिव्ह अप’ करतो. अलीकडे अमेरिकेंत गाण्याच्या जलशांत सूत्रधार श्रोत्यांस ‘गिव्ह इट अप’ अशी हांक देतो, तेव्हां त्याचा अर्थ ‘टाळ्या वाजवा’ एवढाच असतो. ही शेवटची तऱ्हा बाजूला ठेवूं. ती एका निराळ्याच फांदीचें फळ आहे.

आतां एक मौज पाहा. ह्या क्रियापदापुढें कर्म असलें तर बहुधा तें कौतुकाचें होतें, आणि कर्म नसलें म्हणजे तें लाजेचें होतें. ‘त्यानें दारू गिव्ह अप केली’ म्हटलें कीं ऐकणारा मान डोलावतो; ‘त्यानें गिव्ह अप केलें’ म्हटलें कीं तोच ऐकणारा हळहळतो किंवा नाक मुरडतो. क्रियापद तेंच, अव्यय तेंच, कर्ता तोच. सोडलेली वस्तु काय होती, ह्यावर सारी अब्रू अवलंबून राहते. पुन्हां कर्म असूनही सर्वदा निकाल एकच लागतो असें नाहीं. ‘तिनें संगीत गिव्ह अप केलें’ ह्या वाक्यांत ती कंटाळली, कीं संसारासाठीं तिनें मन मारलें, कीं नवऱ्यानें तिला सोडावयास लावलें, ह्यांपैकीं कांहींच उघड होत नाहीं. इंग्रजी कादंबरीकार असें वाक्य लिहून पुढच्या दोनशें पानांत त्याचा उलगडा करूं शकतो. मराठी भाषांतरकाराला मात्र पहिल्या पानावरच ‘संगीत सोडलें’, ‘संगीतावर पाणी सोडलें’, ‘संगीताला रामराम ठोकला’ आणि ‘संगीताचा त्याग केला’ ह्यांतून एक वाट धरावी लागते, आणि ती धरली कीं दोनशें पानांचें रहस्य फुटतें.

ह्या प्रयोगाचा उगम पाहिला तर तो त्यागाचा खासच दिसत नाहीं. जुन्या इंग्रजींत हें काम ‘ऑफगिफन’ सारखीं उपसर्ग लावलेलीं क्रियापदें करीत असत. पुढें उपसर्ग झडले आणि अव्यय क्रियापदाच्या मागून येऊं लागलें. ह्या नव्या रूपाच्या जुन्यांत जुन्या नमुन्यांपैकीं एक बाराव्या शतकाच्या मध्यास पीटरबरोच्या मठांत लिहिलेल्या बखरींत सांपडतो. स्टीफन राजानें सॉल्झबरी आणि लिंकन येथील बिशपांना तुरुंगांत टाकलें आणि त्यांनीं आपले किल्ले हवालीं करीपर्यंत तेथें ठेविलें, अशी ती हकीकत. आणि किल्ले हवालीं करणें ह्या अर्थीं मठवासी लेखकानें आजचें आपलें ‘गिव्ह अप’ त्या काळच्या रूपांत वापरलें आहे. म्हणजे ह्या शब्दाच्या जन्मवेळीं मानेवर तरवार होती. धर्म, व्यसनमुक्ति, स्वार्थत्याग हे सर्व पाहुणे मागाहून आले.

मग ‘अप’ चें काय? तें येथें दिशा दाखवीत नाहीं. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणें, ‘बर्न अप’ म्हणजे जळून जाणें, ‘ड्राय अप’ म्हणजे आटून जाणें. क्रिया शेवटास गेली, मागें कांहीं उरलें नाहीं, असा ठसा ‘अप’ उमटवितें. हें काम मराठींत ‘टाकणें’, ‘जाणें’, ‘देणें’, ‘बसणें’ हीं साहाय्यक क्रियापदें करतात, आणि तें इतक्या नजाकतीनें करतात कीं, आपल्या व्याकरणकारांनीं त्यांच्याकडे ह्याहून अधिक लक्ष द्यावयास हवें होतें. गंमत अशी कीं, इंग्रजींत ‘देणें’ हें मुख्य क्रियापद आणि ‘अप’ हें त्याचें शेपूट. मराठींत ‘सोडणें’ मुख्य, आणि ‘देणें’ हेंच शेपूट झालें आहे. ‘सोडलें’ आणि ‘सोडून दिलें’ ह्यांत जो फरक आहे तो जवळजवळ ‘अप’ एवढाच आहे. परंतु ‘सोडून दे’ ला आणखी एक अर्थ आहे, ज्याची ‘गिव्ह अप’ ला गंधवार्ता नाहीं. भांडणानंतर म्हातारी आजी नातवाला ‘सोडून दे रे’ म्हणते, तेव्हां ती हार मानावयास सांगत नाहीं आणि त्यागही करावयास सांगत नाहीं. ती क्षमा करावयास सांगते, आणि ती क्षमाही फार मोठ्या नांवानें न ओळखतां.

‘अप’ च्या ह्या अंतिमपणाकडे दुर्लक्ष केल्यानें उलट दिशेच्या भाषांतरांतही घोटाळा होतो. पुरंदरच्या तहांत, १६६५ सालीं, शिवाजी महाराजांनीं तेवीस किल्ले मोंगलांना दिले. मराठी इतिहासकार सरळ ‘दिले’ असें लिहितो, आणि तें क्रियापद फार विचारी आहे; जें दिलें तें परत घेतां येतें, आणि १६७० पासून तें परत घेतलेंही. इंग्रजींत ‘गेव्ह अप’ असें लिहिल्याबरोबर त्या तहाला नसलेला एक पूर्णविराम मिळतो. इंग्रजींत इतिहास लिहिणाऱ्या आपल्या लोकांनीं येथें ‘सीड’ किंवा ‘हँड ओव्हर’ लिहावें, असें मला वाटतें. निदान ‘अप’ लिहितांना तें काय बोलून जातें ह्याची जाणीव ठेवावी.

आतां आपल्या घरची संपत्ति पाहूं. दाते आणि कर्वे ह्यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ ज्यानें चाळला असेल त्याला हें नवें वाटणार नाहीं. सोडण्याच्या क्रियेभोंवतीं मराठींत दोन निरनिराळ्या आळ्या वसल्या आहेत. एक आळी भटाभिक्षुकांची. ‘पाणी सोडणें’ हें दानाच्या संकल्पांतून आलें. हातावरून पळीभर उदक सोडलें कीं त्या वस्तूवरील आपला हक्क संपला. ‘घरावर तुळशीपत्र ठेवणें’ हें त्याच विधींतलें. ‘तिलांजलि देणें’ हें अंत्यविधींतलें. ज्याला ती दिली तो आपल्यापुरता मेला. दुसरी आळी शिपायांची आणि रानांतल्या प्राण्यांची. ‘गाशा गुंडाळणें’ हें घोडेस्वाराचें, ‘शस्त्र खालीं ठेवणें’ हें पायदळाचें, ‘नांगी टाकणें’ हें विंचवाचें. ‘हात टेकणें’ हें कोणाचेंही असूं शकतें. पहिल्या आळींत सोडणारा मोठा होतो, दुसरींत लहान होतो. इंग्रजीचें ‘गिव्ह अप’ ह्या दोन्ही आळ्यांत मोकळेपणीं हिंडतें. मराठींत शिरतांना मात्र त्याला वेशीवरच विचारतात, ‘तूं कोणत्या आळीचा?’ आणि उत्तर मिळाल्याशिवाय आंत घेत नाहींत.

ह्या दोन आळ्यांतली सरमिसळ कशी होते ह्याचें ठळक उदाहरण म्हणजे आठव्या एडवर्डची हकीकत. डिसेंबर १९३६ मध्यें त्यानें सिंहासन सोडलें, कारण मिसेस सिंप्सनशीं त्याला लग्न करावयाचें होतें. इंग्रज माणूस ‘ही गेव्ह अप द थ्रोन’ म्हणे, आणि तें म्हणतांना एकाच्या मनांत प्रेमाचा आदर तर दुसऱ्याच्या मनांत कर्तव्यभ्रष्टतेचा राग असे. वाक्य दोघांनाही पुरे. मराठींत ह्या घटनेला ‘राज्यत्याग’ हा शब्द चिकटला आहे. शब्द चुकीचा नाहीं, कोशांतून तोच निघेल. परंतु मराठी कानाला राज्यत्याग म्हटला कीं राम आठवतो, भीष्म आठवतो. भीष्मानें राज्य सोडलें तें बापाचें लग्न व्हावें म्हणून; एडवर्डनें सोडलें तें स्वतःचें व्हावें म्हणून. एका संस्कृत सामासिक शब्दानें दोघांना एका पंक्तींत पाट मांडून बसविलें. ‘गादी सोडली’ एवढें म्हटलें असतें तर वाचकाला आपलें मत बनविण्यास जागा राहिली असती.

आपल्या सुशिक्षितांच्या गद्याला जडलेलें हें जुनेंच दुखणें आहे. इंग्रजींतला घरगुती शब्द दिसला कीं आपण त्याला संस्कृताचा अंगरखा चढवितों, आणि पुढें इंग्रजी लिहितांना ‘सोडलें’ ह्या साध्या शब्दासाठीं ‘रिलिंक्विश’ शोधतों. अशानें आपलें मराठी कीर्तनासारखें आणि आपलें इंग्रजी सरकारी गॅझेटासारखें होऊन बसतें.

‘गिव्ह अप’ चा सख्खा भाऊ ‘गिव्ह इन’ ह्याची आपल्याकडे तर पुरती ओळखच पटलेली नाहीं. २९ ऑक्टोबर १९४१ रोजीं चर्चिलनें हॅरो येथील आपल्या जुन्या शाळेंत मुलांपुढें भाषण केलें. त्या भाषणांत चर्चिल उभा राहिला, ‘कधींही गिव्ह अप करूं नका’ एवढेंच म्हणाला आणि खालीं बसला, अशी एक कथा जगभर फिरते. ती खोटी आहे. भाषण चांगलें मोठें होतें, आणि त्यांतला शब्द ‘गिव्ह इन’ होता. शिवाय स्वाभिमानाचा किंवा सुबुद्धीचा कौल पडल्यास गोष्ट वेगळी, असा अपवादही त्यानें तेथेंच जोडला होता. हा फरक कीस काढण्याचा नाहीं. ‘गिव्ह इन’ मध्यें बाहेरून कोणी दाबीत असतो आणि आपण वांकतों. ‘गिव्ह अप’ मध्यें दाबणारा असलाच पाहिजे असें नाहीं. आपलेंच बळ, आपलीच आशा किंवा आपलीच हौस सरते. १९४१ सालीं इंग्लंडला समोर शत्रु होता, तेव्हां ‘इन’ हाच शब्द नेमका होता. पुढें ती उक्ति यशाचे मंत्र विकणाऱ्या पुस्तकांत शिरली, तेथें शत्रु नव्हता, आळस होता. म्हणून ‘इन’ चें ‘अप’ झालें. मराठींत तर दोन्हीही ‘हार मानूं नका’ ह्याच एका भांड्यांत ओतलीं जातात. ‘नमूं नका’ आणि ‘धीर सोडूं नका’ हे दोन निराळे प्रयोग आपल्याजवळ असतां असें कां व्हावें, तें कळत नाहीं.

मात्र निवाडा न करणारा शब्द नेहमींच निरुपद्रवी असतो असें नाहीं. इंग्रजींत मूल दत्तक दिलें ह्यासाठीं ‘गेव्ह अप फॉर अडॉप्शन’ म्हणण्याची चाल पडली. तीमध्यें टाकून दिल्याचा वास येतो, म्हणून अमेरिकेंत दत्तकविधानाचें काम करणारे पुष्कळ लोक अलीकडे तें टाळून ‘प्लेस’ हें क्रियापद पसंत करतात. ह्या बाबतींत आपली भाषा अधिक शहाणी निघाली. ‘दत्तक’ हा शब्दच ‘दिलेला’ ह्या अर्थाचा. त्यांत टाकण्याची छटा नाहीं. उलट जेथें खरोखर टाकणें झालें तेथें जुन्या मराठीनें भीड ठेविली नाहीं. ज्या बाईला नवऱ्यानें घराबाहेर काढलें तिला ‘टाकलेली’ म्हणत. पुढें ‘परित्यक्ता’ हा शब्द आला. तो तिच्या मानासाठीं आला हें मला मान्य आहे. पण ‘टाकलेली’ ह्या शब्दांत टाकणाऱ्याचा जो हात दिसत होता तो संस्कृतांत झांकला गेला, हेंही खरें.

येथपर्यंत ‘त्याग’ ह्या शब्दाविरुद्ध मी बरेंच बोललों; त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्यागाविषयीं आपल्या परंपरेनें जितका बारीक विचार केला आहे तितका ‘गिव्ह अप’ च्या कुळांत झालेला मला माहीत नाहीं. गीतेच्या अठराव्या अध्यायाचा आरंभच संन्यास आणि त्याग ह्यांतील भेदानें होतो. मोहानें नियत कर्म सोडणें हा तामस त्याग, शरीराला कष्ट होतील ह्या भयानें सोडणें हा राजस, आणि कर्म करीत राहून आसक्ति व फळ सोडणें हा सात्त्विक. म्हणजे वेशीवरचा तो प्रश्न गीतेनें क्रियापदाला न विचारतां सोडणाऱ्याच्या मनाला विचारला. टिळकांनीं मंडालेच्या तुरुंगांत लिहिलेलें आणि १९१५ सालीं प्रसिद्ध झालेलें ‘गीतारहस्य’ एका अंगानें पाहिलें तर ह्याच एका प्रश्नाचें विवेचन आहे: सोडावयाचें तें कर्म, कीं कर्माच्या फळावरची आपली मालकी? इतका कसून तपासलेला शब्द आपण राजाच्या लग्नासाठीं आणि सिगारेटसाठीं सारखाच वापरतों, ही माझी तक्रार आहे. शब्दाविषयीं तक्रार नाहीं.

बायबलाच्या भाषांतरकारांपुढेंही हीच अडचण होती. येशूच्या मृत्यूचें वर्णन चार शुभवर्तमानांत आहे. मूळ ग्रीकांत मार्क आणि लूक ह्यांचें क्रियापद ‘श्वास बाहेर टाकला’ अशा अर्थाचें, मत्तयाचें ‘आत्मा जाऊं दिला’ अशा अर्थाचें, आणि योहानाचें ‘आत्मा स्वाधीन केला’ अशा अर्थाचें आहे. १६११ च्या इंग्रजी भाषांतरानें मत्तयापुरतें निराळें क्रियापद योजलें आणि उरलेल्या तिघांना ‘गेव्ह अप द घोस्ट’ ह्या एकाच वाक्प्रचारांत बसविलें. योहानानें मुद्दाम ठेविलेला अर्थ, मरणारा आपण होऊन कोणाच्या तरी हातीं आपला आत्मा देतो हा, त्यांत विरघळला. मराठीला येथें ‘प्राण सोडला’ हा प्रयोग आयता मिळाला, आणि तो श्वासाशीं इतका जवळचा आहे कीं मार्क आणि लूक ह्यांना तो इंग्रजीहून अधिक शोभतो. आज इंग्रजींत तोच गंभीर वाक्प्रचार बंद पडलेल्या जुन्या मोटारीलाही लावतात. आपण ‘मोटारीनें प्राण सोडला’ असें म्हणतों तें निदान हंसत म्हणतों.

आपल्याकडे सरकारनेंही ह्या क्रियापदाला एकदां राबविलें. २०१५ सालीं सुस्थितींतल्या कुटुंबांनीं स्वयंपाकाच्या गॅसवरील अनुदान आपण होऊन सोडावें म्हणून केंद्र सरकारनें ‘गिव्ह इट अप’ ह्या इंग्रजी नांवानेंच मोहीम काढली, आणि सुमारें वर्षभरांत एक कोटीहून अधिक ग्राहकांनीं तें सोडलें. व्यासपीठावरून त्याला त्याग म्हणण्याचा मोह पुष्कळांना झाला असेल. घरोघरीं लोक मात्र ‘आम्हीं सबसिडी सोडली’ इतकेंच म्हणत. मला ही लोकांची समज अधिक नेमकी वाटते. त्यांत ऐट नव्हती आणि लाजही नव्हती.

आतां ज्या प्रयोगामुळें हें सारें लिहावयास बसलों त्याकडे वळतों. हल्लींचीं तरुण मुलें मराठी बोलतांना ‘मी गिव्ह अप केलं’ असें सर्रास म्हणतात. भाषाशुद्धीचे अभिमानी ह्यावर कान झांकून घेतात. मीही पूर्वीं घेत असे, पण आतां थोडा वेळ ऐकून घेतों. माझ्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेली किती तरी मुलें पुण्यास राहून पांच-पांच, सहा-सहा वर्षें लोकसेवा आयोगाच्या परीक्षांचा अभ्यास करतात. जागा थोड्या, उमेदवार लाखों. एके दिवशीं त्यांतला एखादा भेटावयास येतो आणि म्हणतो, ‘सर, गिव्ह अप केलं.’ ह्याचें मराठी काय करावें? ‘हरलों’ म्हणावें तर तो हरलेला नाहीं. दोनदां मुलाखतीपर्यंत पोंचला होता. ‘नाद सोडला’ म्हणावें तर तो नाद नव्हता. ‘हात टेकले’ हें त्याचा काका म्हणेल. ‘त्याग केला’ म्हटलें तर तो स्वतःच हंसेल. दोन आळ्यांच्या मध्यें उभें राहून, मोठें न होतां आणि लहानही न होतां, एक गोष्ट संपली एवढेंच त्याला सांगावयाचें असतें, आणि त्यासाठीं त्यानें उसना शब्द आणला. आळस म्हणून त्यानें तो आणला असें म्हणणें अन्यायाचें होईल.

वॉल्टर बेन्यामिननें बोदलेरच्या कवितांच्या आपल्या जर्मन भाषांतराला जोडलेल्या, १९२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रस्तावनेचें नांव ‘भाषांतरकाराचें कार्य’ असें आहे. तेथें कार्य ह्या अर्थीं जर्मन शब्द आहे ‘आउफगाबे’. आणि तो ‘आउफगेबेन’ ह्या क्रियापदापासून आलेला आहे, म्हणजे अक्षरशः ‘गिव्ह अप’. जर्मनांत ह्या क्रियापदानें शिक्षक मुलांना घरचा अभ्यास देतो, प्रवासी आपलें सामान रेल्वेच्या हवालीं करतो, आणि थकलेला माणूस आपला प्रयत्न सोडतो. पॉल डि मान ह्यानें १९८३ सालच्या आपल्या व्याख्यानांत ह्यावर बोट ठेवून, त्या मथळ्याचा अर्थ ‘भाषांतरकाराचें हात टेकणें’ असाही होतो, हें दाखवून दिलें. श्लेष थोडा ताणलेला आहे, असें मला वाटतें. पण त्या विद्यार्थ्याच्या वाक्यापुढें बसलों म्हणजे तो पटूं लागतो.

मीं त्याच्यासाठीं बरेच शब्द लावून पाहिले. त्यांतल्या त्यांत जवळचा वाटला तो ‘थांबलों’. त्यांत निंदा नाहीं, बढाई नाहीं, आणि तो कोणत्याही आळीचा नाहीं. परंतु थांबलेला मनुष्य उद्यां पुन्हां चालूं लागेल अशी शंका त्यांत राहते, आणि ‘अप’ नें तर दार लावून घेतलेलें असतें. ‘थांबूनच गेलों’ असें म्हणून पाहिलें. तें कानाला बरें लागत नाहीं. कोणा वाचकाला ह्याहून चांगला शब्द सुचला तर त्यानें तो अवश्य कळवावा.